पत्ता तीन

भाच्याने बोटीवरून धाडलेला खोका
वेंगुर्ल्याला पोचला तेव्हा त्यावर चार देशांचे शिक्के.
आत दोन इंजिनं, एक कंट्रोलर
आणि जर्मन भाषेतलं पुस्तक.
त्यातले मी फक्त आकडे वाचले.

बावीस वर्षं खऱ्या गाड्यांचे सिग्नल राखले मी,
वैभववाडीपासून सावंतवाडीपर्यंत.
रिलेची टकटक ऐकून सांगायचो कुठली वायर रुसलीय.
आता माळ्यावर, आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर
बारा हात रूळ.
जांभ्याची पूड गोंदात कालवून केलेला एक डोंगर,
त्याला बोगदा.

चार महिने बरे गेले.
सत्तेचाळीस म्हटलं की काळं इंजिन यायचं,
बारा म्हटलं की हिरवं.
मग मासळीबाजारावरून येणारा तो चिकट वारा
खिडकीच्या फटीतून आत शिरत राहिला,
तांब्याला कळंक चढला.
एका संध्याकाळी सत्तेचाळीस दाबलं. काही नाही.
पडद्यावर ‘शॉर्ट’.

कुठे शॉर्ट?
मीटर लावला. रूळ खोडरबराने पुसले,
चाकं स्पिरिटने,
प्रमिलाच्या नथीच्या डबीतला कापूससुद्धा संपवला.
‘शॉर्ट’ म्हणे. मिनिटभराने आपणच म्हणे, सगळं ठीक.
सतत खोटं बोलणारा परवडला,
हा मधूनच खरं बोलायचा.

कंपनीने कळवलं, वॉरंटी आहे, परत पाठवा.
पोस्टातल्या बाईंनी वजन करून आकडा सांगितला.
मी खोका पुन्हा काखेत घेतला.

पास्कू रॉड्रिक्स मोबाइलचं दुकान बंद करून आला,
डोळ्याला भिंग लावून बराच वेळ गप्प.
“काका, हेंका काय एक जाला नाय.
नावा इसारली ती आपली.
तीन घालून बघा.”
तीन घातलं.
काळं हललं.
हिरवंही हललं.
कारखान्यातून निघताना मिळालेल्या
पहिल्या आकड्याला ओ देत
दोघं एकमेकांवर चालून गेली.

(आई शेवटच्या महिन्यात असंच करायची.
“सुलोचना” म्हटलं की भिंतीकडे बघायची,
“भागू” म्हटलं की लगेच, “काय रे?”)

नावं पुन्हा शिकवली. काम संपलं असं वाटलं.
आणि त्याच रात्री काळं इंजिन सुसाट सुटलं,
बोगद्यातून, वळणावरून, फळीच्या काठावरून
थेट सोलांच्या सुपात.
हुकूम मध्येच तुटला होता, वीज नव्हती तुटली.
आणि त्या बावळटाने
नुसत्या विजेलाच हुकूम समजून घेतलं.

झोप लागली नाही.
आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं:
वायर तुटो, उंदीर कुरतडो, वीज पडो,
काहीही बिघडलं तरी सिग्नल लाल.
कळेनासं झालं की थांबायचं.
इथे कोणी तरी उलटं ठरवलेलं,
कळेनासं झालं की धाव.

पहाटे पुस्तक घेऊन बसलो.
एकोणतिसाव्या खान्यात सहा होते.
चार काढून घेतले, दोन ठेवले.
एवढंच.

वायरचा रोग मात्र राहिलाच.
पिनेजवळ डाव्या अंगठ्याने, जरा तिरकं दाबून धरलं
तर हुकूम पोचतो. पास्कू म्हणतो, नवी वायर घालतो,
मी म्हणतो, घालू रे, पुढच्या आठवड्यात.
असे तीन आठवडे झाले.

रात्री जेवणं झाल्यावर वर जातो.
अंगठा दाबून धरतो, उजव्या हाताने वेग देतो,
गाडी डोंगराकडे निघते.
कधी अंगठ्याला रग लागते,
जरा सैल पडतो,
आणि दिवा बोगद्यात जातो तो बाहेर येत नाही.

खालून प्रमिला विचारते,
“अडाकली काय हो?”
“नाय गो,” मी म्हणतो. “थांबली.”